दार लोटून भरवलेली न्याहारी

सकाळी लहान लेकराला खायला काय द्यावं, हा प्रश्न साठी उलटल्यावर माझ्या गळ्यात पडेल असं कोणी आधी म्हटलं असतं, तर मी त्याला पुढच्या थांब्यावर उतरवून दिलं असतं. मी लाल गाडीवर कंडक्टर होतो. उभा जन्म लोकांना आत सरका, सुटे काढा, दारात उभे राहू नका, एवढंच सांगण्यात गेला. माझी स्वतःची न्याहारी म्हणजे ज्या गावचा स्टँड आला तिथला आलूबोंडा, नाहीतर कालच्या तेलातली कचोरी, अन् ड्रायव्हरनं हॉर्न मारायच्या आत घशात ओतलेला चहा. घरात काय शिजतं, कोण किती खातं, हे बायको पाहायची. ती गेल्यावर पाहणारं कोणी उरलं नाही, आणि मलाही त्याचं काही वाटेनासं झालं.

मग लेक आली. एकुलती एक. तिला वाशीमच्या कोर्टात लिपिकाची नोकरी लागली, त्याच सुमाराला तिला दिवस राहिलेले. जावई पुण्याला कंपनीत. बाळंतपणाची रजा संपली तशी ती माझ्या नातीला घेऊन जऊळक्याला माझ्याकडे राहायला आली, कारण इथून वाशीमला रेल्वे आहे, बस आहे, आणि घरात एक रिकामा बुढा आहे. ती सकाळी निघायची ते दिवेलागणीला परतायची. मधला सगळा दिवस मी आणि नात. मी तिला पॅसेंजर म्हणायचो. अजूनही तेच म्हणतो.

पहिल्या दिवशी लेकीनं जाता जाता मला समजावून सांगितलं, "बाबा, थोड्या थोड्या वेळानं वाटीभर खाऊ घालजा. झोपली तं उठवू नोका. अन् मोबाइल दाखवून भरवू नोका."

"तुले मी मोबाइल दाखवून वाढवलं काय?" मी म्हटलं.

"तुमी कुठं वाढवलं बाबा, आईनं वाढवलं," ती हसत म्हणाली आणि चपला घालून निघाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरं होतं तेच ती बोलली होती.

तर, खायला काय द्यावं. जावयानं पुण्याहून एक डबा पाठवला होता. डब्यावर गुटगुटीत लेकराचं चित्र, बाजूला गव्हाची लोंबी अन् सफरचंद. मी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं, कारण तिकिटावरचं अन् पासावरचं बारीक अक्षर वाचायची सवय हाडात भिनलेली आहे. गव्हाच्या पाठोपाठ साखरच होती. चिमूटभर जिभेवर टाकून पाहिलं तर पेढ्याचा चुरा लागला. मी डबा वरच्या फळीवर ठेवून दिला अन् वाशीमला गेलो तेव्हा मोठ्या दुकानात चौकशी केली. दुकानदारानं काउंटरवर डब्यांची रांगच लावली. हा सहा महिन्यांच्या लेकराचा, हा आठच्या, हा भाताचा, हा फळांचा, हा दुधाशिवायचा. मी एकेक उलटा करून वाचत बसलो. मागं गिऱ्हाईकं खोळंबली, तसा तो म्हणाला, "काका, घ्याचा असन तं घ्या, सारेच चांगले हायेत." सारेच चांगले असतील तर मला निवडायला कायले बसवता, असं मी म्हटलं आणि हात हलवत बाहेर आलो.

फुकट सल्ल्याला मात्र काही तोटा नव्हता. शेजारीण म्हणाली, चहात बिस्कीट बुडवून द्या, आमची सारी त्यावरच मोठी झाली. स्टेशनवर भेटणारा एक जुना ड्रायव्हर म्हणाला, मुरमुरे दे, खेळत खेळत खाते. कोणी म्हणालं राजगिऱ्याचा लाडू, कोणी म्हणालं मधाचं बोट चाटव. मी सगळ्यांना हो म्हणायचो. गाडीत भांडण लागलं की दोघांनाही हो म्हणायचं, हे मी नोकरीतच शिकलो होतो.

शेवटी लेकीनं वाशीमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तुसड्या, पण सरळ. साखर नको, मीठ नको, वर्षाची होईस्तोवर मध तर अजिबात नको, बिस्किटं तुम्हीच खा, असं एका दमात म्हणाल्या. ज्वारी, मूगडाळ, तांदूळ घरीच भाजून भरडा आणि शिजवा. आता दोन दात आलेत, तेव्हा फिंगर फूडही सुरू करा.

"थे काय असते?" मी विचारलं.

"तिला बोटात धरून स्वतः खाता येईल असं. रताळं उकडा, गाजर उकडा, बोटाएवढ्या लांब फोडी करा. दोन बोटांत दाबलं की चेंगरली पाहिजे. शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष, यातलं काही द्यायचं नाही. ते नळीत जाऊन बसतं."

"अन् रताळंच अडकलं तं?"

"खोकेल. खोकू द्या. घाबरून तोंडात बोट घालू नका." मग बाईंनी आवाज बंद पडला, खोकलाही येईना, तर लेकराला हातावर पालथं घालून पाठीवर थापा कशा मारायच्या ते दाखवलं. मी घरी येऊन दुधीभोपळ्यावर सराव केला. लेक हसून हसून खाली बसली. मी काही हसलो नाही. ज्याच्या हातात सोपवलेलं असतं त्याला हसू येत नाही.

ज्वारी धुतली, पसरून वाळवली, कढईत भाजली. पहिला घाणा जळाला. दुसरा बरा झाला, मग मूगडाळ भाजून दोन्ही मिक्सरवर भरडलं. त्याच्या कण्या शिजवायच्या, वर लेकीनं काढून ठेवलेलं दूध नाहीतर तुपाचं बोट. आमच्याकडे कण्या हे गरिबाचं खाणं. माझ्या लहानपणी ताकासोबत कण्या खाल्ल्या की शाळेत कोणी विचारलं तर आम्ही भात सांगायचो. आता डॉक्टरीणबाई त्याच कण्या लिहून देत होत्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि इथं आमची आक्का आली. आक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण, भिंतीला भिंत लागून राहणारी. जीव लावणारी बाई, पण तिच्या शब्दापुढं जायची माझी लहानपणापासून टाप नाही. मी ओसरीवर बसून नातीला कण्या भरवत होतो, ते तिनं पाहिलं आणि तडक आत आली.

"असं चव्हाट्यावर लेकराले चारते काय रे तू? येनारा जानारा पाहून राह्यला. खात्या लेकराले नजर लागते. आतल्या खोलीत ने, दार लोट, मंग चार."

"आक्का, कोन पाहते?"

"मी नाई पायलं? मी पायलं ना. मीच उतरवून टाकते आता." तिनं तिथल्या तिथं मीठ-मोहऱ्या मागवून लेकरावरून उतरवल्या. आपलीच नजर आपण उतरवणारी ती एकटीच बाई मी पाहिली.

माझा नजरेवर विश्वास आहे असं नाही. पण नाही म्हणावं आणि उद्या लेकरू तापानं फणफणावं, मग आक्काचं तोंड कोण धरणार? आमच्या घरांत हे असंच चालत आलं आहे. लेकराची वाटी पदराखाली झाकून न्यायची, भिंतीकडे तोंड करून भरवायचं, कोणी आलं तर वाटी बाजूला सरकवायची. म्हणून मी त्या दिवसापासून नातीला आतल्या खोलीत नेऊ लागलो. दार लोटायचं, सतरंजीवर तिला बसवायचं, समोर मी. चमचा वाटीवर दोनदा वाजवायचा, टिंग टिंग, म्हणजे गाडी सुटली. गाडीत दोन घंट्या म्हणजे चला, एक घंटी म्हणजे थांबा. तिला तो आवाज आवडायचा. तोंड मात्र ती उघडायची नाही.

कण्या दिल्या, ओठ मिटले. भाताची पेज दिली, थुंकली. रताळ्याची फोड हातात दिली, तर तिनं ती दाबून पाहिली, सतरंजीला पुसली आणि दाराकडे बघत बसली. केळं, दुधी, मुगाची मऊ खिचडी, सगळं झालं. एकदा हट्ट सोडून फळीवरचा तो गोड डबाही उघडला. तोही तिनं थुंकला, तेव्हा मला जरा समाधान वाटलं, आणि लगेच स्वतःचा रागही आला. मी गाणं म्हणायचो, बोकड व्हायचो, पुढच्या सगळ्या थांब्यांची नावं ओरडायचो. ती माझ्याकडे बघायची, मग लोटलेल्या दाराकडे. मला वाटायचं, आईची वाट पाहते. तेव्हा चमचा माझ्या हातात जड व्हायचा.

ती झोपली की मी माझं उरकायचो. उरकायचो म्हणजे ओट्यापाशी उभ्यानं, तव्यावरची भाकर हातात घेऊन, भाजी सरळ कढईतून. एकट्या माणसानं ताटं कशाला खरकटी करायची, असं मी लोकांना सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. बायको गेल्यापासून मी खाली बसून जेवलोच नव्हतो. पाट घेऊन बसलं की समोरची जागा दिसते, आणि ती दिसली की घास फिरतो. लेक रात्री लेकराला पाजून, निजवून मगच स्वयंपाकघरात जायची, तिचं ती वाढून घ्यायची, फाइल चाळत खायची. सकाळी तर ती डबाच घेऊन पळायची.

वजनाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लेकराला काट्यावर ठेवलं. मागच्या वेळेपेक्षा काटा जवळजवळ हललाच नव्हता. त्यांनी तपासलं, पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले. आजार काही दिसत नाही, म्हणाल्या, पण खातच नाही म्हणता, तर पुढच्या वजनाला फरक पडला पाहिजे. नाही पडला तर मोठ्या तपासण्या करू.

ते पुण्याला कळलं. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. त्या काही वाकडं बोलणाऱ्या बाई नाहीत. उलट फारच गोड बोलल्या. "बाई, बाबांनी खूप केलं. पण पुरुषमाणसाला हे नाही जमत. नोकरी काय, पुन्हा बघता येईल. लेकराचं हे वय पुन्हा येणार नाही. तू इकडेच निघून ये." लेकीनं फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण हातात लेकरू होतं. मी शेजारीच बसलो होतो. ती फक्त म्हणाली, "पुढच्या वजनापर्यंत पाहू, आई."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे पाहीना. कोर्टाच्या परीक्षेसाठी ती कशी अभ्यास करायची ते मला ठाऊक आहे. तेवढं तरी मी पाहिलं आहे. नोकरी नवी, कायम व्हायची होती. सोडली असती तर सुटलीच. आणि लेकरू पुण्याला गेलं असतं, तर ह्या घरात पुन्हा मी अन् कढई. दोन्ही गोष्टी त्या एवढ्याशा तोंडावर येऊन ठेपल्या होत्या, आणि ते तोंड उघडत नव्हतं. मला त्या रात्री घास गेला नाही, आणि ते कोणाला कळलंही नाही.

थंडीत आक्काच्या वावरात दर वर्षी रोडगे असतात. कणकेचे जाड गोळे करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप अन् वरण, सोबत झणझणीत वांग्याची भाजी. गावातली भाऊबंदकी जमते. मी मधली काही वर्षं काहीतरी निमित्त काढून टाळत होतो. ह्या वेळी आक्का दारातच येऊन उभी राहिली. "लेकराले घेऊन ये. तुह्या घरात बसून बसून थेही तुह्यासारखं घुम्मं होऊन राह्यलं."

लेक कामावर गेलेली. मी कण्यांचा डबा पिशवीत टाकला, लेकराला पोटाशी बांधलं आणि आक्काच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसलो. वावराच्या रस्त्यात खड्डे असे, की पोचेपर्यंत डब्याचं झाकण उघडून अर्ध्या कण्या पिशवीत अन् अर्ध्या माझ्या पायजम्यावर. आक्कानं मुद्दाम एका भाऊबंदाची चारचाकी आडोशाला लावून ठेवायला सांगितली होती, आत बसून लेकराला गुपचूप चारता यावं म्हणून. आता चारायलाच काही उरलं नाही. भाजी तिखटजाळ. मी म्हटलं, घरी गेल्यावर बघू. आणि पंगत बसली तशी लेकराला मांडीवर घेऊन मीही बसलो. वावरात ओटा नसतो. उभ्यानं जेवायची सोय नव्हती.

माणसं समोरासमोर दोन ओळींत मांडी घालून बसलेली. आक्काचा मुलगा रोडगे फोडून टाकत चाललेला, मागून आक्का वरणाचं भांडं घेऊन. लोक जेवायला लागले. आमच्याकडे रोडगे कोणी नाजूकपणे खात नाही. बोटं भरतात, मिशा भरतात, मधेच कोणी हुशहुश करतं. आणि माझ्या लक्षात आलं, की मांडीवरचं लेकरू हललेलं नाही. ती समोरच्या ओळीतल्या एकेकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. घास वर गेला की तिची मान वर. घास तोंडात गेला की तिचे ओठ आपोआप उघडत. समोरचा माणूस चावायला लागला की हिचीही रिकामी हनुवटी हलायची. मग ती वळली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी घास घेतला. तिनं माझ्या गालावर हात ठेवला, आत काय हलतं ते पाहायला.

आणि तो हात खाली नेऊन तिनं माझ्या ताटातला रोडग्याचा मधला मऊ, तुपात भिजलेला तुकडा मुठीत धरला आणि तोंडात कोंबला.

ती वख्ख करून खोकली, डोळ्यात पाणी आलं. माझं बोट पार तिच्या ओठापर्यंत गेलं होतं. बाईंचं बोलणं आठवलं म्हणून ते तिथंच थांबलं. खोकते आहे, म्हणजे श्वास चालू आहे. खोकू द्या. सगळ्या पंगतीचे हात ताटात थांबलेले. तिनं तो तुकडा जिभेनं पुढं आणला, पुन्हा आत घेतला, दोन दातांनी अन् बाकीच्या हिरड्यांनी चघळला, आणि गिळला. मग दुसरा घ्यायला हात घातला. तुपानं कोपरापर्यंत माखली. वरणात बुडवून दिलेला बोटाएवढा तुकडा तिनं स्वतः धरून खाल्ला, मग अजून एक.

आक्का नेमकी वरण घेऊन समोर आली. तिनं पाहिलं, चार माणसांत, उघड्या आभाळाखाली लेकरू हादडत बसलेलं. तिच्या तोंडावर काय आलं ते मला अजून दिसतं. बोलावं तर खाणं थांबेल, न बोलावं तर नजर लागेल. तिनं चटकन तोंड फिरवलं आणि निंबाच्या झाडाकडे बघत मला वरण वाढलं. ते निम्मं माझ्या गुडघ्यावर पडलं.

"मी काई पायलं नाई बावा," ती झाडाला म्हणाली. "चालू द्या तुमचं."

घरी येताना मी मोटारसायकलवर तिची तुपकट बोटं पुसत होतो. मला एकच गोष्ट सारखी टोचत होती. ह्या लेकरानं जन्मल्यापासून कोणाला जेवताना पाहिलंच नव्हतं. आई डबा घेऊन पळते, रात्री लेकरू झोपल्यावर खाते. मी तिच्या पाठीमागं, ओट्यापाशी, चोरून खाल्ल्यासारखा. आणि तिला भरवायचं तर दार लोटून, जगात दुसरं कोणी नसल्यासारखं. तिला काय वाटलं असेल? की हे तोंडात घालायचं काहीतरी औषधासारखं आहे, आणि ते फक्त तिलाच घ्यावं लागतं. मी डबे बदलले, धान्यं बदलली, फोडींची लांबी बदलली. मी तिच्यासमोर बसून स्वतः एक घास खाल्ला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट काढला. तो बायकोचा होता की माझा, हे आता सांगता येत नाही, दोन्ही सारखेच आहेत. ओसरीवर मांडला, दार सताड उघडं. दोन ताटल्या घेतल्या. तिच्या ताटलीत कण्यांचा घट्ट गोळा, उकडलेलं रताळं, अन् भाकरीचा मधला मऊ भाग तुपात भिजवून. माझ्या ताटलीतही तेच, फक्त वर ठेचा. बसलो. समोरची जागा रिकामी नव्हती. तिथं पॅसेंजर होती, अंगात नुसता लंगोट, दोन्ही हात ताटलीत. पहिला घास मला जड गेला, खोटं सांगत नाही, आणि त्याला कारण ती नव्हती. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी गिळला. तिनंही गिळला. रस्त्यानं जाणाऱ्यांनी पाहिलं. आक्कानं तिच्या खिडकीचं दार लावून घेतलं, म्हणजे निदान तिची तरी नजर लागू नये.

सगळे दिवस चांगले गेले असं नाही. कधी अर्धं अंगाला, कधी अर्धं कुत्र्याला. मी भरवत नव्हतो, हेच लोकांना खटकायचं. शेजारीण म्हणाली, "लेकराले घास भरवत नाई, असं काहून टाकून देल्यासारखं खाऊ देता?" आमच्याकडे लेकराच्या तोंडात घास घालणं म्हणजे माया. मी म्हटलं, बाई, मी तिच्यासोबत जेवतो ना. ते तिला पटलं नाही. मलाही ते बोलताना जरा विचित्रच वाटलं. कधी कधी मी हळूच एक घास पुढं करायचोच. मन राहवत नाही. ती तो माझ्या हातातून काढून घ्यायची आणि स्वतःच्या हातानं तोंडात घालायची.

वजनाच्या दिवशी लेकीनं अर्धी रजा काढली. रांगेत बसल्यावर तिचा पाय सारखा हलत होता. डॉक्टरीणबाईंनी लेकराला काट्यावर ठेवलं, एकदा पाहिलं, उचलून पुन्हा ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या. "कोणता डबा चालू केला आजोबा?"

"डबा नाई बाई," मी म्हटलं. "पंगत चालू केली."

त्यांना काही कळलं नाही, आणि मागं गर्दी होती. म्हणाल्या, "जे काय करता तेच करत राहा. तपासण्यांची आता घाई नको." लेकीनं बाहेर येऊन पुण्याला फोन लावला. विहीणबाई खऱ्या आनंदानं म्हणाल्या, "बाबांना सांग, मी हरले." मी फोन घेतला नाही. मी लेकराचं टोपडं बांधत बसलो. लेक तिथूनच कोर्टात गेली, उरलेला अर्धा दिवस भरायला, आणि मी लेकराला घेऊन बसनं परत आलो. कंडक्टर नवा होता. त्यानं मला आत सरका म्हटलं आणि मी सरकलो.

त्यानंतरचा रविवार. लेक घरी. मी सकाळी ओसरीवर तीन ताटं मांडली, कण्या, भाकर, दुधीची भाजी. लेकराच्या भाजीत तिखट-मीठ नाही, आमच्या भाजीत आहे, एवढाच फरक. मी पाटावर बसलो आणि जेवायला लागलो. लेक तांब्या घेऊन आली आणि दारातच थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. तुमाले बसून जेवताना पाहून राह्यली."

ती येऊन बसली. नातीनं ताटलीवर चमचा दोनदा आपटला आणि कण्यांत हात घातला. मला वाटलं, आता रोज रोज रताळं तरी किती द्यायचं, काहीतरी नवीन बघावं. म्हणून सहज विचारलं, "तू काय खाये व लहानपनी? तुले काय आवडे? हिले थेच करून पाहू."

हे बायकोला विचारायला हवं होतं. तिला माहीत होतं. ज्या घरात लेक वाढली त्याच घरात बसून मी हे लेकीलाच विचारत होतो.

लेक भाकर मोडता मोडता म्हणाली, "मले काय आठवते बाबा. आई सांगे, मी खाऊच नाई म्हने. ताटली घेऊन दारात जाऊन बसे. बाबा आले का मंग जेवीन म्हने. तुमची गाडी येये रात्री. मी तशीच दारात झोपून जाये."

ती हे हसतच सांगत होती, लहानपणची गंमत सांगावी तसं. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. माझ्या हातातला घास तसाच होता. मला उठून ओट्यापाशी जावंसं वाटलं. नातीनं दोन्ही मुठी भरून माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी चावायची वाट बघत, म्हणून मी उठलो नाही. घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग लेकीच्या ताटात भाकरीचा गरम चतकोर वाढला आणि त्यावर तूप घातलं.

"जेव," मी म्हटलं. "आलो मी."

ती खाली मान घालून जेवायला लागली.